उतरलो की सांगतो

मुनीरभाईंना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते स्कूटरला प्रदक्षिणा घालताना. लग्न होऊन लातुरात आले त्याला महिनाही झाला नव्हता. ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते, तेवढ्यात समोरच्या घरातून एक उंच, सावळा, बारीक केस कापलेला माणूस बाहेर आला. स्कूटरवर बसायचं सोडून तो तिच्याभोवती फिरला. पुढचं चाक अंगठ्यानं दाबलं, वाकून इंजिनखाली पाहिलं, ब्रेकची तार ओढली, मागचा दिवा रुमालानं पुसला. पूर्ण फेरी झाल्यावर मगच किक मारली. मला वाटलं, नवी गाडी असेल, काही नवस बोलला असेल. सासूबाई म्हणाल्या, "मुनीर हाय तो. हवाई दलात इमान चालिवतो. त्याला तशीच सवय लागलीय." गाडी नवी तर नव्हतीच, त्यांच्या वडलांच्या टेलरिंगच्या दुकानापासूनची होती.

पुढं कित्येक वर्षं ते सुट्टीवर आले की मी ती फेरी पाहत आले. एकदा त्यांनी रिक्षात बसायच्या आधी रिक्षालाही फेरी मारली, तर रिक्षावाला वैतागून म्हणाला, "मुनीरभाई, तीन चाकं हायत. मोजून घ्या अन् बसा." सगळी गल्ली हसली, तेही हसले, पण फेरी पूर्ण करूनच बसले.

पूर्ण नाव मुनीर देशमुख. आमच्याकडं मुसलमानांत देशमुख असतात, पाटील असतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. हवाई दलात मात्र त्यांना जन्मभर खुलासा देत बसावं लागलं. ते सांगायचे, एका ठाण्यावर नवा आचारी आला, त्यानं पहिल्या दिवशी दोन ताटं वाढून ठेवली, एक मुनीरसाहेबांचं आणि एक देशमुखसाहेबांचं. "मग काय केलंत?" मी विचारलं. "दोन्ही जेवलो," ते म्हणाले.

त्यांची दुसरी खोड म्हणजे होकार न देणं. "मुनीरभाई, दुपारी पुरणपोळी हाय, जेवायला या," म्हटलं की उत्तर ठरलेलं: "उतरलो की सांगतो, वहिनी." जमिनीवर उभा असलेला माणूस आणखी कुठं उतरणार! पण पोचायच्या आधी पोचलो म्हणू नये, हा त्यांच्या धंद्यातला नियम होता आणि तो त्यांनी घरातही आणला होता. त्यांची बायको नसरीनभाबी उर्दू शाळेत शिकवायच्या. त्या म्हणायच्या, "काझीनं 'कबूल है का' विचारलं तेव्हा तरी यांनी लगेच उत्तर दिलं, हेच नशीब माझं." पुरणपोळीला ते यायचेच. वेळेच्या पाच मिनिटं आधी.

आणि त्यांची आई. तिला सगळी गल्ली खाला म्हणायची. खाला ठेंगणी, गोरी, तंबाखूशिवाय एकही व्यसन नसलेली आणि जिभेला हाड नसलेली. आमचं घर लिंगायताचं, ईदचा शीरखुर्मा आम्हाला चालायचा तो फक्त आमच्या पातेल्यात केलेला. म्हणून ईदच्या आदल्या दिवशी मी पातेलं पाठवायची. खाला ते परत करताना म्हणायची, "शोभा, तेरा देव पातेल्यातच बसतो क्या गं?" आणि वर बदाम जास्त घातलेले असायचे.

खालाचा एक शब्द इथं नीट सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर अडलेलं आहे. पुस्तकातल्या हिंदीत परसों म्हणजे परवा. आमच्याकडच्या दखनीत परसों म्हणजे होऊन गेलेला कुठलाही दिवस. मागच्या सोमवारचा बाजार परसों, आणि निजामाचं राज्य गेलं तेही परसों. खालाचं लग्न परसों झालं होतं. आम्हाला त्यात काही खटकत नसे, पण मुनीरभाईंना खटकायचं. ज्याच्या नोकरीत घड्याळ चुकलं तर जीव जातो, तो माणूस आईला दर वेळी थांबवायचा. "अम्मी, परसों नाही. साल सांग." खाला म्हणायची, "साल तेरे अब्बा को मालूम था. उनो भी परसों चले गए."

मग भूकंप झाला.

लातूर शहर हललं, भांडी पडली, आम्ही सगळे पहाटे रस्त्यावर बसलो होतो. शहराचं फारसं गेलं नाही. गेलं ते तिकडं औसा-किल्लारीच्या बाजूला. मुनीरभाईंची धाकटी बहीण रझिया त्या पट्ट्यातल्या एका लहान गावात दिलेली होती. गावाचं नाव मी लिहीत नाही, तिथली माणसं अजून आहेत.

मुनीरभाई तेव्हा हेलिकॉप्टरवर होते, आणि त्यांनाच मदतीला पाठवलं गेलं. हे सगळं त्यांनी स्वतः आईला सांगितलं म्हणून आम्हाला कळलं. न सांगते तर कुणालाच कळलं नसतं. त्यांच्या हेलिकॉप्टरात डॉक्टर होते, स्ट्रेचर होती, आणि जायचं होतं पुढच्या एका मोठ्या गावी. वाटेत खाली रझियाचं गाव आलं. गाव असं उरलंच नव्हतं, पण कडेची चिंच त्यांनी ओळखली. चिंचेजवळ एक म्हातारा लाल ओढणी हलवत उभा होता. ते रझियाचे सासरे होते. मुनीरभाई पुढं गेले. हुकूम पुढच्या गावाचा होता, आणि पुढच्या गावीही माणसं ढिगाऱ्याखालीच होती. दुसऱ्या फेरीला त्यांनी विचारून परवानगी घेतली आणि चिंचेजवळ उतरले. तोवर रझियाला काढून चिंचेखाली ठेवलं होतं. गावातले म्हणत, उन्हं वर येईपर्यंत आतून आवाज येत होता.

खालानं सगळं ऐकून घेतलं. छाती बडवली नाही, शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाली, "ऊपर से गया. उतरा नहीं." त्यानंतर हे वाक्य मी तिच्या तोंडून पुन्हा कधी ऐकलं नाही. पण मुनीरभाई समोर आले की ते दोघांच्या मध्ये असायचं, हे मला ओट्यावरूनसुद्धा दिसायचं.

दोन गोष्टी बदलल्या. खालानं स्लॅबखाली झोपणं सोडलं. अंगणात पत्र्याची खोली बांधून घेतली, उन्हाळ्यात तिच्याही बाहेर बाज टाकायची. आणि मुनीरभाईंनी स्वतः खटपट करून हेलिकॉप्टर सोडलं, नवं शिक्षण घेतलं आणि मोठ्या मालवाहू विमानांवर गेले. सगळ्यांना वाटलं, बढती. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मोठ्या विमानाला धावपट्टी लागते, वहिनी. ते कुठंही उतरू शकत नाही. मग उतरायचं का नाही, हा प्रश्नच राहत नाही." 

वर्षं गेली. लातुरात क्लासचं पेव फुटलं. ज्याच्या घरात एक खोली जास्तीची, त्यानं तिच्यात चार कॉट टाकल्या. मीही टाकल्या, आणि खाली मेस चालू केली. सकाळी पाचला मुलं सूत्रं पुटपुटत रस्त्यानं चालायला लागायची. मुनीरभाईंची मुलगी सनाही त्यांत होती. तिला डॉक्टर व्हायचं होतं. अशात मुनीरभाईंची नोकरीची मुदत भरत आली. रजा शिल्लक होती ती घेऊन ते घरी आले, आणि इतकी वर्षं पंधरा दिवसांचा पाहुणा असलेला माणूस गल्लीत कायमचा दिसायला लागला. तेव्हा देशभर नव्या विमान कंपन्या निघत होत्या आणि वैमानिकांना शोधत फिरत होत्या. मुनीरभाईंना दोन बोलावणी आली.

एक होतं आखाती देशातल्या एका बड्या कंपनीचं. प्रचंड विमानं, जगभर फेऱ्या, राहायला घर, सनाच्या शिक्षणाची सोय. दुसरं होतं एका नव्या लहान कंपनीचं. ती नांदेडहून छोटी विमानं उडवणार होती, नांदेड, लातूर, मुंबई. पगार बेताचा, पण मुक्काम इथलाच. खाला आखातात जाणार नव्हती. तिथली घरं तिनं टीव्हीवर पाहिली होती. "इतके स्लॅबां एक के ऊपर एक! मैं नक्को," म्हणाली, आणि विषय संपला. म्हणजे मोठी नोकरी घ्यायची तर आईला बाजेवर एकटं सोडून जायचं, लहान घ्यायची तर मुलीचं आणि स्वतःचं पुढचं सगळं छोटं करायचं.

गल्लीनं दोन दिवसांत निकाल लावला. आमचे हे म्हणाले, मोठी. न्हावी म्हणाला, मोठी. नसरीनभाबींनी तर सनाचा पासपोर्टच काढायला टाकला. मुनीरभाईंना विचारलं की ते म्हणायचे, "उतरलो की सांगतो." आकाशात क्षणात निर्णय घेणारा माणूस अंगणात फेऱ्या मारत बसला. जेवण तुटलं. एकदा मी पाहिलं, ते आईच्या बाजेलाच फेरी घालत होते, वाकून सुंभ ओढून पाहत होते, आणि खाला वर पडून आभाळाकडं नाही, त्यांच्याकडं बघत होती.

त्याच दिवसांत सनाच्या क्लासच्या संचालकांनी त्यांना मुलांपुढं बोलायला बोलावलं. हॉल भरलेला, पालक मागं उभे. मेसची पोरं गेली म्हणून मीही गेले. संचालक म्हणाले, "सर आता सांगतील, ध्येयापर्यंत कसं पोचायचं." मुनीरभाई उठले आणि म्हणाले, "विमान उतरवताना धावपट्टी दिसली नाही, वारा फिरला, मन घेत नसलं, तर उतरायचं नाही. जोर लावून परत वर जायचं. त्याची लाज वाटायला नको. जे लाजेपायी उतरले, ते मेले." एक बाप मागून म्हणाला, "सर, मग पोरानं पेपर सोडून उठावं का?" मुनीरभाई म्हणाले, "मरण्यापेक्षा उठलेलं बरं." संचालकांनी घाईघाईनं पुष्पगुच्छ दिला. बाहेर येताना त्यांच्या कानाशी लागून म्हणाले, "सर, असं नका सांगू, पालक ऐकून राहिले." माझ्या मेसमधला उमरग्याचा एक मुलगा त्या संध्याकाळी बऱ्याच दिवसांनी दोन भाकरी जास्त जेवला.

मग ते नांदेडला त्या लहान कंपनीचं ऑफिस बघायला गेले. आमच्या ह्यांना भांड्यांच्या दुकानाचा माल आणायचा होता, म्हणून दोघं सोबत गेले. स्टेशनजवळ एका हॉटेलवर दोन खोल्या, भिंतीवर विमानाचं भलंमोठं चित्र. मॅनेजर आमच्याच भागातला, बोलका. चहा आला, गुरुद्वाऱ्याचे यात्रेकरू किती येतात याचा हिशेब झाला. मुनीरभाईंनी विचारलं, "विमान कुठं आहे?"

"येऊन राहिलं ना, साहेब."

"कुठून?"

"आता ते कंपनीला ठाऊक. पण येऊन राहिलं, हे पक्कं."

आमचे हे सांगतात, मुनीरभाई उठले आणि फेरी मारायला विमान नाही म्हणून मॅनेजरच्या टेबलाभोवतीच एक फेरी मारून आले. घरी आल्यावर आम्ही पोट धरून हसलो. आजही आमच्याकडं न झालेल्या प्रत्येक कामाला 'येऊन राहिलंय' म्हणतात. पण त्या दिवशी मुनीरभाई हसले नाहीत. म्हणाले, "वहिनी, विमान नसलं तरी मला तिथंच जावंसं वाटतंय. यात माझं डोकं चालत नाही, हे मला कळतंय."

ते नांदेडला असतानाच इकडं फोन आला होता. खाला घरात फारशी जात नसे, म्हणून फोनची तार लांबवून पत्र्याच्या खोलीत आणलेली होती. मी तिथं तिच्याशी बोलत मटार सोलत होते. फोन मोठ्या कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसातून होता. बोलणारी मुलगी असावी, कारण खाला तिला बेटी म्हणत होती.

"मुनीर नहीं है, बेटी. हौ, मैं अम्मी बोलरी." मग बराच वेळ ऐकून घेतलं. "जवाब? कैसा जवाब देगा उनो. परसों ज़लज़ला आया ना. मेरी बेटी गुज़र गई उसमें. उस दिन से ऐसाच है उनो, कुछ बोलताच नहीं." आणि पदरानं डोळे पुसले. मी मटार सोलत राहिले. मला त्यात काही चुकलंय असं वाटलंसुद्धा नाही, कारण खाला नेहमीसारखंच बोलत होती.

दुसऱ्या दिवशीही मी सूप घेऊन तिथंच मटार सोलत होते, तेव्हा त्या कंपनीच्या मोठ्या साहेबाचा फोन आला. तोही कधीकाळचा फौजी. मुनीरभाई उभ्यानं ऐकत होते. तो म्हणाला, तुमच्या घरी एवढं दुःख झालं आणि आम्ही होकारासाठी तगादा लावतो, माफ करा. हवा तेवढा वेळ घ्या, जागा ठेवतो. शेवटी त्यानं विचारलं, भूकंप कुठं झाला, आमच्याकडं बातमी कशी आली नाही?

मुनीरभाईंनी फोन ठेवला आणि आईकडं वळले. "अम्मी, काय सांगितलंस त्यांना?"

"सच बोली."

"परसों बोलीस?"

"हौ. परसोंच तो हुआ."

त्यांनी परत फोन उचलला, नंबर फिरवला. पलीकडून कुणीतरी हॅलो म्हटलेलं मलाही ऐकू आलं. मुनीरभाईंचं तोंड उघडलं. खोटेपणा त्यांना अंगावर झुरळ चढावं तसा व्हायचा, मला माहीत होतं. पण ते काही न बोलता उभे राहिले आणि फोन खाली ठेवला. मला म्हणाले, "वहिनी, एवढंच म्हणायचं होतं की तेरा वर्षं झाली. म्हणता आलं नाही." आणि हा एवढा मोठा गडी आईच्या बाजेच्या कडेला बसून रडला. मी मटारांचं सूप उचलून घरी गेले. अशा वेळी शेजाऱ्यानं बसून राहू नये.

दोन दिवसांनी त्यांनी जीप ठरवली. तेरा वर्षांत ते आईला घेऊन रझियाच्या गावी गेले नव्हते. खाला म्हणाली, शोभा येत असेल तर येते. मी मेस जावेवर टाकून गेले. नवं गाव सरळ रांगांचं, सगळी घरं एका साच्यातली. जुन्या जागेवर बाभळी माजल्या होत्या. चिंच मात्र होती. तिच्यापुढं जरा उंचावर दगड लावलेल्या कबरी. रझियाची कुठली, हे तिच्या दिरानं दाखवलं आणि तो बाजूला झाला.

खाला बसली. हातानं माती सारखी केली. मुनीरभाई मागं उभे, हात बांधून, साहेबापुढं उभं राहावं तसे. मागं न पाहताच तिनं विचारलं, "उतरता तो बचती क्या उनो?"

"नहीं मालूम, अम्मी."

"जहां उतरा, वहां कोई बचा?"

"एक बाई. और उसका बच्चा."

"उनको तेरा नाम मालूम है?"

"नहीं."

खालानं मान हलवली. मग वळून त्यांच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "फिर सुन. अब मेरे वास्ते नक्को उतर. मैं रझिया नहीं हूं."

परतीच्या वाटेवर औशाला चहा घेतला, तो तिनं तसाच ठेवला. आजवर मी यावर पुष्कळ विचार केला आहे. ती माफी होती की शिक्षा, मला अजून उमगलेलं नाही. मुनीरभाईंनाही उमगलं नसावं. पण त्यांनी मोठ्या कंपनीला होकार कळवला. कळवताना तेरा वर्षांचं सांगितलं का, हे मी विचारलं नाही.

जायच्या दिवशी त्यांनी जीपला फेरी मारली. सना, नसरीनभाबी आत बसल्या. खालाची सोय लावलेली होती, कामाला बाई होती, मुनीरभाईंचा मावसभाऊ दोन गल्ल्यांपलीकडं होता, आणि मी समोर होतेच. ते बाजेजवळ वाकले. खालानं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "फोन करता क्या?" ते म्हणाले, "उतरलो की सांगतो."

आणि ते त्यांनी अक्षरशः पाळलं. जगात कुठंही विमान उतरलं की त्यांचा फोन यायचा. "अम्मी, उतरलो." मराठीतच म्हणायचे, का कोण जाणे. खाला म्हणायची, "हौ," आणि ठेवून द्यायची. हालहवाल नाही, जेवलास का नाही, काही नाही. कधी रात्रीचे, कधी भर दुपारी, पुढं तिला वेळाच पाठ झाल्या. फोन उशिरा आला तर ती बाजेवर उठून बसायची आणि आभाळाकडं बघायची. आमच्यावरून जाणारं विमान फार उंचावर असतं, पांढरी रेघ तेवढी दिसते. "मुनीर का है क्या गं?" मी म्हणायची, काय माहीत खाला. "ऊपर से जारा," ती म्हणायची. पण आता त्यात राग नसायचा.

नांदेडची ती लहान कंपनी पुढं काही दिवस उडाली आणि बंद पडली. गल्लीनं लगेच ठरवलं की मुनीरभाईंचा निर्णय बरोबर होता. मला तसं म्हणवत नाही. कंपनी बुडाली म्हणून खालाची इथली दुपार एकटीची नव्हती, असं कसं म्हणणार?

चौथ्या वर्षी, थंडीत, खाला गेली. सकाळी चहा घेऊन गेले तर बाजेवर हात गार. मावसभाऊ आला, मोहल्ल्यातली माणसं जमली. मुनीरभाईंना लावलेला फोन लागत नव्हता, ते कुठंतरी आकाशात होते. नसरीनभाबींना कळवलं. थांबावं का, यावर बोलणं झालं, पण त्यांच्यात मयत ठेवत नाहीत. दुपारच्या नमाजानंतर नेलं. बायका आत बसल्या होत्या, मी पत्र्याच्या खोलीत एकटी तिचे कपडे घड्या करत होते. फोन वाजला. मी उचलला.

"अम्मी, उतरलो."

ते पलीकडं वाट बघत होते, त्या एका 'हौ'ची. मग म्हणाले, "वहिनी?" बस, तेवढंच. मला काहीच सांगावं लागलं नाही.

ते हैदराबादवरून गाडी करून दुसऱ्या दिवशी आले. सरळ कबरस्तानात गेले. आल्यावर त्यांनी ती बाज उचलून माझ्या ओट्यावर आणून ठेवली, म्हणाले, "घरात नको, वहिनी, तिला आवडायचं नाही." नंतर समोरचं घर क्लासच्या पोरांना भाड्यानं गेलं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते नांदेडला. भावाच्या नातवाचं बारसं उरकून लातूरच्या एसटीत बसले, तर पुढून एक पांढऱ्या केसांचा उंच माणूस गाडीला फेरी मारताना खिडकीतून दिसला. कंडक्टर दारातून ओरडला, "ओ काका, काय बघून राहिलात? बसा की." मुनीरभाईच. जुन्या सहकाऱ्याला भेटून लातूरला निघाले होते. सना डॉक्टर झाली, तिकडंच असते. ते स्वतः आता उडत नाहीत, उडणाऱ्यांना शिकवतात. गाडी भरलेली, म्हणून ते माझ्या पुढच्या बाकावर एका म्हाताऱ्या बाईशेजारी बसले. कपाळावर मोठं कुंकू, मांडीवर माहूरच्या प्रसादाची पिशवी. 

अहमदपूरला गाडी थांबली. म्हातारीनं पिशवीतून केळं काढून त्यांच्या हातात दिलं आणि आपल्याकडच्या रीतीनं चौकशीला लागली. कुठले, कामून निघालात, घरी कोण?

"आईच्या कबरीवर जाऊन राहिलो," मुनीरभाई म्हणाले.

"अगंबाई! कवा गेली माय?"

मुनीरभाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. आईला जन्मभर साल विचारणारा माणूस. त्यांना दिवस ठाऊक होता, तासही ठाऊक असणार.

"परसों," ते म्हणाले.

म्हातारी हळहळली. हातातलं केळं तिनंच सोलून त्यांच्यापुढं धरलं. "खा लेकरा. दोन दिसांत पोटात अन्न न्हाई, तोंडावरूनच दिसून राहिलं." त्यांनी मान खाली घालून ते खाल्लं. मग ती मागं वळून माझ्याकडं बघू लागली. आमची ओळख असल्याचं तिनं हेरलं होतं.

"तुमी वळखता व्हय यांच्या मायला? परवाच गेली म्हन्तेत."

खालाला जाऊन सात वर्षं झाली होती. आमच्या ओट्यावरच्या त्या बाजेवर मी रोज तांदूळ निवडते.

"हाव," मी म्हणाले. "परसोंच गेली."